थंडरबर्ड कमांड लाइनवरून: तयार मसुदे, वेगळी प्रोफाइल आणि मेल अडल्यावरची दुरुस्ती

हाउसिंग सोसायटीचे सचिव, दुकानाचा हिशेब पाहणारे, शाळेच्या कार्यालयातले लिपिक या सगळ्यांच्या मेलमध्ये एक गोष्ट सारखी असते: निम्म्याहून जास्त मेल दर महिन्याला त्याच माणसांना, त्याच विषयाचे आणि तशाच फाइली जोडून जातात. तरीही दर वेळी नवी खिडकी उघडायची, पत्ते भरायचे, सब्जेक्ट लिहायचा, फोल्डर शोधून पीडीएफ जोडायची. हे सगळं एका ओळीत बसवता येतं आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायला हवं असं मुळीच नाही.

इथे मी मोझिलाचा थंडरबर्ड हा मेल पाहण्या-पाठवण्याचा प्रोग्रॅम घेतला आहे. त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४मध्ये आली. तो फुकट मिळतो, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो, आणि त्याचे कमांड लाइन ऑप्शन (म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्या नावापुढे टाइप करायच्या सूचना) बऱ्याच वर्षांत फारसे बदललेले नाहीत. एकदा लिहून ठेवलेली ओळ पुढची अनेक वर्षं कामाला येते.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड लाइनवरून थंडरबर्ड मेलचा मसुदा तयार करून समोर ठेवतो, पाठवत नाही. पाठवण्याचं बटण तुम्हालाच दाबावं लागतं. काहींना ही उणीव वाटते, मला ती मोठी सोय वाटते. चुकीच्या फ्लॅटधारकाला थकबाकीचं पत्र जाण्यापेक्षा शेवटची एक नजर टाकलेली बरी.

या लेखातल्या ओळी कशा वाचायच्या

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना प्रोग्रॅमचं नाव, ऑप्शनची नावं, मेलचे पत्ते आणि आकडे इंग्रजीत टाइप करा. सब्जेक्ट आणि मजकूर मात्र मराठीत राहू द्या. डॅश, बरोबरचं चिन्ह, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं जशी दिसतात तशीच हवीत. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

अवतरणचिन्हांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. कमांडमध्ये सरळ अवतरणचिन्हं लागतात. वर्डमध्ये लिहिलेली ओळ कॉपी केली, तर ही चिन्हं बहुतेक वेळा वळणदार होऊन येतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण कमांड चालत नाही. ओळी नोटपॅडमध्ये किंवा साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहा.

ओळ टाइप कुठे करायची

विंडोजवर सर्वांत सोपी जागा म्हणजे रनची चौकट. विंडोज की दाबून ठेवून आर दाबा, थंडरबर्ड असं इंग्रजीत लिहा, एक स्पेस सोडून ऑप्शन लिहा आणि एंटर. कमांड प्रॉम्प्टमध्ये काम करायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला स्टार्ट लावा:

स्टार्ट "" थंडरबर्ड -मेल

मधली रिकामी अवतरणचिन्हं चुकून पडलेली नाहीत. स्टार्ट ही कमांड अवतरणातला पहिला मजकूर खिडकीचं नाव समजते. तिला रिकामं नाव देऊन टाकलं की पुढच्या मजकुराला ती हात लावत नाही.

लिनक्सवर टर्मिनल उघडून थेट प्रोग्रॅमचं नाव लिहा, सगळं लहान लिपीत. मॅकवर मूळ प्रोग्रॅम अॅप्लिकेशन्समधल्या थंडरबर्ड अॅपच्या आत, कंटेंट्स आणि त्यातल्या मॅकओएस या फोल्डरमध्ये असतो. तिथला पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरांच्या नावांसकट पत्ता, द्यावा लागतो. पुढचं विवेचन मुख्यतः विंडोज आणि लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे.

ऑप्शनच्या आधी एक डॅश लावा किंवा दोन, थंडरबर्डला दोन्ही चालतात. तुमच्या आवृत्तीत कोणकोणते ऑप्शन आहेत ते -हेल्प लावून पाहता येतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसत्या -हेल्पने बहुधा काहीच दिसत नाही. त्यापुढे उभी रेघ आणि मोअर लिहिलं की यादी उमटते:

थंडरबर्ड -हेल्प | मोअर

ही ओळ मात्र थंडरबर्डच्या फोल्डरमध्ये जाऊन चालवा. नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये तो सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समधला मोझिला थंडरबर्ड हा फोल्डर असतो.

पहिला मसुदा

सगळ्यांत उपयोगी ऑप्शन आहे -कंपोज: सी-ओ-एम-पी-ओ-एस-ई. नुसता वापरला तर कोरी खिडकी उघडते. पुढे तपशील दिला तर भरलेली:

थंडरबर्ड -कंपोज "टू='खजिनदार@उदाहरण.कॉम',सब्जेक्ट='जून महिन्याचा जमाखर्च',बॉडी='सोबत जूनचा जमाखर्च जोडला आहे. तपासून कळवावे.'"

या ओळीची रचना एकदा नीट पाहून घ्या. कंपोजनंतरचा सगळा मजकूर एकाच दुहेरी अवतरणात आहे. त्याच्या आत प्रत्येक तपशील 'नाव, बरोबर, किंमत' असा येतो आणि किंमत एकेरी अवतरणात असते. दोन तपशिलांमध्ये फक्त स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामानंतर स्पेस सोडू नका आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंनाही नको.

एकेरी अवतरण गरजेचं का, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. थंडरबर्ड स्वल्पविराम दिसला की तपशील संपला असं समजतो. एकेरी अवतरणाच्या आतला स्वल्पविराम मात्र तो मजकुराचाच भाग मानतो. म्हणून दोन-तीन पत्ते द्यायचे तर ते एकाच एकेरी अवतरणात स्वल्पविरामाने जोडून लिहायचे. सीसी आणि बीसीसी हेही तपशील अगदी याच पद्धतीने येतात. सगळ्या सभासदांना एकच सूचना जाणार असेल तर पत्ते बीसीसीत टाका. प्रत्येकाचा खाजगी पत्ता सगळ्या इमारतीला कळण्याचं कारण नाही.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आणखी दोन चिन्हांवर लक्ष ठेवावं लागतं. दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह आलं की शेल (टर्मिनलमधली ओळ वाचून चालवणारा प्रोग्रॅम) पुढचा शब्द व्हेरिएबल समजून गिळून टाकतो. तसंच 'दिवाळीच्या शुभेच्छा!' असा सब्जेक्ट टर्मिनलमध्ये थेट लिहिला, तर बॅश या शेलला ते उद्गारचिन्ह जुनी कमांड परत बोलावण्याची खूण वाटते आणि ओळ अडते. तीच ओळ स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहिली की अडत नाही, कारण स्क्रिप्टमध्ये ही सोय बंद असते. रुपयाचं चिन्ह मात्र बिनधास्त वापरा.

थंडरबर्ड आधीपासून उघडा असेल तरी काळजी नको. नवी कमांड चालू असलेल्या थंडरबर्डकडे निरोप देते आणि मसुद्याची खिडकी तिथेच उघडते.

फाइल जोडणं

इथे अटॅचमेंट हा तपशील लागतो: ए-टी-टी-ए-सी-एच-एम-ई-एन-टी, शेवटी एस नाही. किंमत म्हणून फाइलचा पूर्ण पाथ द्यायचा:

थंडरबर्ड -कंपोज "टू='सीए@उदाहरण.कॉम',सब्जेक्ट='जूनची बिलं',अटॅचमेंट='डी:\हिशेब\जून-बिलं.पीडीएफ,डी:\हिशेब\जून-बँक.पीडीएफ'"

दोन फाइली एकाच एकेरी अवतरणात, मध्ये स्वल्पविराम. पण अडचणही इथेच येते. अटॅचमेंटच्या बाबतीत अवतरणाच्या आतला स्वल्पविराम दोन फाइली वेगळ्या करतो. समजा फाइलचं नाव 'बिल, जून.पीडीएफ' आहे. थंडरबर्ड 'बिल' नावाची एक आणि 'जून.पीडीएफ' नावाची दुसरी अशा दोन फाइली शोधू लागतो आणि फाइल अस्तित्वातच नाही असं सांगतो. माणूस फोल्डर उघडून पाहतो तर फाइल समोर दिसतेय! यावर एकच उपाय: जोडायच्या फाइलींच्या नावात स्वल्पविराम वापरू नका, त्याजागी डॅश टाका. नावात स्पेस असली तर हरकत नाही.

उबंटू वापरणाऱ्यांसाठी खास सूचना. उबंटू २४.०४पासून तिथला थंडरबर्ड स्नॅप या पॅकेजच्या स्वरूपात येतो. स्नॅपमधला प्रोग्रॅम कुंपणाच्या आत असतो. सिस्टिमचा टेम्प फोल्डर आणि होममधले टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर त्याला दिसत नाहीत. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने टेम्पमध्ये पीडीएफ बनवली आणि तुम्ही तोच पाथ दिलात, तर ती जोडली जाणार नाही. स्क्रिप्टमध्ये आधी ती डॉक्युमेंट्समध्ये कॉपी करा, मग कंपोज चालवा.

मजकूर लांब असेल तेव्हा

बॉडीमध्ये एक-दोन वाक्यं ठीक. परिच्छेद, यादी, खाली नाव आणि हुद्दा असं सगळं एका ओळीत कोंबणं म्हणजे त्रासाला आमंत्रण. शिवाय विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टची एक ओळ ८१९१ अक्षरांपुढे जाऊ शकत नाही.

अशा वेळी मेसेज हा तपशील वापरा. मजकूर एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि बॉडीऐवजी त्या फाइलचा पाथ द्यायचा:

थंडरबर्ड -कंपोज "टू='समिती@उदाहरण.कॉम',सब्जेक्ट='मासिक सभेची सूचना',मेसेज='डी:\पत्रं\सभा.टीएक्सटी'"

फाइलमधल्या ओळी मसुद्यात ओळी म्हणूनच उतरतात. मला ही पद्धत सर्वांत आवडते. सभेची तारीख बदलली की फक्त टेक्स्ट फाइल उघडायची, कमांडला हातही लावायचा नाही. कमांड न समजणारा सहकारीसुद्धा ती फाइल सुधारू शकतो. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, म्हणजे मराठी शाबूत राहतं.

मसुदा साध्या मजकुराचा हवा, रंगरंगोटी नको, असं असेल तर फॉरमॅट=२ हा तपशील जोडा. फॉरमॅट=१ म्हणजे एचटीएमएल.

एका क्लिकवर मसुदा

रोज लांबलचक ओळ टाइप करण्यात अर्थ नाही. विंडोजवर ती बॅच फाइलमध्ये, म्हणजे कमांडच्या ओळी साठवलेल्या फाइलमध्ये ठेवा. नोटपॅडमध्ये या तीन ओळी लिहा:

@एको ऑफ
सीएचसीपी ६५००१ >एनयूएल
स्टार्ट "" थंडरबर्ड -कंपोज "टू='समिती@उदाहरण.कॉम',सब्जेक्ट='मासिक सभेची सूचना',मेसेज='डी:\पत्रं\सभा.टीएक्सटी'"

आणि फाइल टिंब-बीएटी या शेपटीने सेव्ह करा. दुसरी ओळ मराठीसाठी आहे. सीएचसीपी म्हणजे कोड पेज बदलण्याची कमांड आणि ६५००१ हा यूटीएफ-८चा क्रमांक. ती नसेल तर सब्जेक्टमध्ये देवनागरीऐवजी अगम्य चिन्हांची माळ दिसते. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, त्याच यादीतला बॉम असलेला पर्याय नको. बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला बसणारी अदृश्य खूण, तिच्यामुळे पहिलीच ओळ ओळखू येत नाही अशी तक्रार उमटते.

बॅच फाइल डेस्कटॉपवर ठेवली की डबल क्लिक केल्यावर मसुदा तयार. हिशेब, सभा, पाणीपुरवठ्याची सूचना अशा वेगवेगळ्या फाइली करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि नावं मराठीतच द्या, शोधायला सोपं जातं.

लिनक्सवर हेच काम शेल स्क्रिप्ट करते. तिथे आणखी एक मजा करता येते. डेट या कमांडचं उत्तर डॉलर आणि कंसात घालून सब्जेक्टमध्ये बसवलं की तारीख आपोआप भरली जाते, दर महिन्याला हाताने बदलावी लागत नाही.

पन्नास सभासदांना प्रत्येकाच्या नावाचं, प्रत्येकाच्या रकमेचं वेगळं पत्र पाठवायचं असेल तर या पद्धतीने लूप चालवू नका. पन्नास खिडक्या उघडतील आणि त्यातली कोणती पाठवली, कोणती राहिली याचा पत्ता लागणार नाही. त्या कामासाठी थंडरबर्डचं मेल मर्ज हे अॅड-ऑन (वेगळं जोडायचं पूरक साधन) आहे, ते वापरावं.

कोणत्या पत्त्यावरून पाठवायचं

एकाच थंडरबर्डमध्ये स्वतःचं आणि सोसायटीचं अशी दोन खाती असतील तर मसुदा डीफॉल्ट खात्यावरून उघडतो. सोसायटीचं पत्र खाजगी पत्त्यावरून जाणं बरं दिसत नाही. त्यासाठी प्रीसिलेक्टआयडी हा तपशील आहे: पी-आर-ई-एस-ई-एल-ई-सी-टी-आय-डी, सलग. त्याची किंमत आयडी१, आयडी२ अशी असते. तुमच्या पत्त्याचा आयडी शोधायला सेटिंग्जमध्ये जनरलच्या तळाशी कॉन्फिग एडिटर उघडा आणि शोधाच्या चौकटीत मेल-टिंब-आयडेंटिटी लिहा. समोर येणाऱ्या यादीत तुमचा मेल पत्ता ज्या ओळीत दिसेल, त्या ओळीच्या नावातच आयडी आणि क्रमांक असतो. तेवढा पाहा आणि बाहेर पडा, तिथलं दुसरं काही बदलू नका.

वेगळी प्रोफाइल

खाती वेगळी असणं आणि प्रोफाइल वेगळी असणं यात फरक आहे. प्रोफाइल म्हणजे मेल, पत्ते, फिल्टर, पासवर्ड, अॅड-ऑन हे सगळं ठेवलेला एक फोल्डर. घरातल्या एकाच कॉम्प्युटरवर दोघं जण मेल पाहत असतील, किंवा संस्थेचं काम पुढच्या पदाधिकाऱ्याकडे जसंच्या तसं सोपवायचं असेल, तर प्रोफाइलच वेगळी हवी. मुदत संपल्यावर तो एक फोल्डर दिला की काम झालं.

थंडरबर्ड पूर्ण बंद करून रनच्या चौकटीत हे लिहा, पी कॅपिटल:

थंडरबर्ड -पी

प्रोफाइल निवडण्याची खिडकी येते. क्रिएट प्रोफाइलवर क्लिक करून नाव द्या, इंग्रजीत आणि स्पेस न सोडता दिलं तर पुढे त्रास नाही. याच खिडकीत न विचारता निवडलेली प्रोफाइल वापरण्याची खूण असते. रोज कोणती उघडायची ते विचारून घ्यायचं असेल तर ती काढा. प्रोफाइल डिलीट करताना मात्र फाइलीसुद्धा काढून टाकायच्या का असा प्रश्न येतो, तिथे हो म्हणण्याआधी बॅकअप घेतलेला असू द्या. त्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांचं मेल असू शकतं.

यानंतर दोन शॉर्टकट करा. एकाच्या टार्गेटमध्ये शेवटी -पी आणि स्वतःच्या प्रोफाइलचं नाव, दुसऱ्यात -पी आणि संस्थेच्या प्रोफाइलचं नाव. दोन्ही एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतील तर दुसऱ्याच्या शेवटी -नो-रिमोट हेही जोडा. या ऑप्शनमुळे नवी खिडकी आधीच्या थंडरबर्डकडे निरोप न देता स्वतंत्र चालते. अर्थात -नो-रिमोट लावलेल्या थंडरबर्डकडे नंतरच्या कंपोज कमांडही पोचत नाहीत, म्हणून मसुदे ज्या प्रोफाइलमधून बनवायचे तिला हा ऑप्शन लावू नका.

एकच प्रोफाइल दोनदा उघडता येत नाही. तसा प्रयत्न केला की थंडरबर्ड आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही, असा निरोप येतो. बहुतेक वेळा मागे अडकलेला थंडरबर्ड टास्क मॅनेजरमधून बंद केला की सुटका होते.

प्रोफाइल कुठे असते? विंडोजवर अॅपडेटाच्या रोमिंगमध्ये थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स. लिनक्सवर होममध्ये टिंब-थंडरबर्ड हा लपलेला फोल्डर, आणि स्नॅप असेल तर तो होममधल्या स्नॅप फोल्डरच्या आत. पेनड्राइव्हवर ठेवलेली प्रोफाइल उघडायला -प्रोफाइल लिहून पुढे अवतरणात तिचा पूर्ण पाथ द्या.

आणखी एक. थंडरबर्ड ६८पासून नव्या आवृत्तीत उघडलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत सहज उघडत नाही. कार्यालयातल्या जुन्या मशीनवर फोल्डर नेण्याआधी तिथला थंडरबर्ड अपडेट करून घ्या.

थंडरबर्ड अडला तर

उघडताच गोठत असेल किंवा खिडकी विस्कटलेली दिसत असेल तर पहिला उपाय -सेफ-मोड. यात अॅड-ऑन बंद राहतात. या पद्धतीने नीट चालला तर दोष बहुधा एखाद्या अॅड-ऑनचा असतो. मग नेहमीप्रमाणे उघडून एकेक अॅड-ऑन बंद करत शोध घ्या. सर्व्हरशी जोडताना अडकत असेल तर -ऑफलाइन लावून उघडा, म्हणजे तो इंटरनेटकडे न जाता कॉम्प्युटरवरचं मेल दाखवतो आणि खात्याच्या सेटिंगपर्यंत पोचता येतं.

मेल येतच नाही आणि कारणही कळत नाही, अशा वेळी लॉग, म्हणजे थंडरबर्ड आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची नोंद, काढावा. थंडरबर्ड पूर्ण बंद करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एकाखाली एक लिहा:

सेट एमओझेड_लॉग=आयमॅप:५,टाइमस्टॅम्प
सेट एमओझेड_लॉग_फाइल=डी:\लॉग\मेल.लॉग
स्टार्ट "" थंडरबर्ड

पहिल्या दोन ओळींत बरोबरच्या चिन्हाआधी किंवा नंतर स्पेस नको, नाहीतर विंडोज ती स्पेसही नावाचा किंवा किमतीचा भाग धरते. आयमॅप ही सर्व्हरवरचं मेल पाहण्याची पद्धत. एमओझेड आणि लॉग कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर. डी ड्राइव्हवर लॉग नावाचा फोल्डर आधी करून ठेवा. लिनक्सवर सेटऐवजी एक्सपोर्ट. थंडरबर्ड याच खिडकीतून सुरू झाला पाहिजे, डेस्कटॉपच्या आयकॉनवरून उघडलात तर त्याला या दोन ओळींची खबरच नसते.

मेल आणण्याचा प्रयत्न करा, अडचण आली की थंडरबर्ड बंद करा आणि लॉगची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सर्व्हरने नकार दिला असेल तर 'नो' किंवा 'बॅड' हे शब्द कॅपिटलमध्ये दिसतात आणि त्यांच्यापुढे कारण असतं: पासवर्ड चुकला, एकाच वेळी फार जोडण्या झाल्या, फोल्डर सापडला नाही. मेल सेवा देणाऱ्यांकडे तक्रार करताना 'मेल येत नाही' असं लिहिण्यापेक्षा त्या दोन ओळी वेळेसकट द्या, उत्तर लवकर मिळतं. पूर्ण फाइल मात्र कुणाला पाठवू नका. तिच्यात आलेल्या मेलचे पत्ते, विषय आणि मजकूरही असू शकतो. काम झाल्यावर कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करा, म्हणजे लॉग लिहिणं थांबेल, आणि ती फाइल डिलीट करून टाका.